हवालदाराच्या कव्हरात नावाडी

माझ्या धाकट्या भावाला ब्रश धरायला मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काहून जळलो ते समजावत बसायची पाळी येणार नाही. आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीत दसऱ्याच्या आधी विहाराची भिंत रंगवायची असायची. अक्षरं मी काढायचो आणि रंग भरायला त्याला बसवायचो. त्याच्या हातून रंग ओघळायचा, मी टपली मारायचो, तो हसायचा. टपली खाऊनही हसायचं ही त्याची जन्माची खोड. बाबा मिलमध्ये होते. दोन्ही पोरं भिंतीला चिकटलेली पाहून म्हणायचे, "एकानं तरी मिलमध्ये या गा. दोघंही भिंतीवरच चढून राहिले."

मिलमध्ये कोणीच गेलं नाही. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा इतवारीतल्या एका छापखान्यात मला चित्रं काढायचं काम मिळालं. छापखान्याचे मालक शेठजी लग्नपत्रिका, पंचांगं, दुकानांची बिलबुकं असलं काही छापायचे. बाहेरगावची कॉमिक्स इथले पोट्टे एवढी वाचतात तर आपणही एक काढून पाहावं, असं त्यांच्या मनात आलं. मला म्हणाले, "भाऊ, तुमच्या मनात काही असन तर काढा." माझ्या मनात लहानपणापासून एकच होतं. मी नावाडी काढला.

कन्हान नदीवर नाव चालवणारा एक म्हातारा. दर महिन्याला त्याच्या नावेत कोणीतरी बसतं, पलीकडचा काठ येईपर्यंत आपली गोष्ट सांगतं आणि उतरून जातं. बस. मारामारी नाही, भूत नाही, खजिना नाही. सगळी मेहनत पाण्याची. काळ्या शाईत पाणी कसं उतरवायचं यासाठी मी सायकल काढून कन्हानच्या पुलाखाली जाऊन बसायचो, तिथं मासे धरणारे मला वेडा समजायचे. शेवटच्या पानावर शब्द नसायचे, नुसती रिकामी नाव परत येताना दिसायची. शेठजींना ते पान म्हणजे कागदाची नासाडी वाटायची, पण मी हटून बसलो आणि ते पान टिकलं.

नावाडी फारसा खपला नाही. तोट्यातही गेला नाही. चालत राहिला.

मग धाकटा मॅट्रिकला आपटला आणि मीच शेठजींच्या हातापाया पडून त्याला छापखान्यात आणलं. चौकटी आखायच्या, संवादाच्या फुग्यांमधली अक्षरं भरायची, एवढं त्याचं काम. एका दुपारी त्यानं वाया गेलेल्या कागदाच्या पाठीवर एक ढेरपोट्या हवालदार काढला, उभ्या उभ्या घोरणारा. शेठजींनी तो पाहिला आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. माणूस आत जाऊन पाणी पिऊन आला आणि पुन्हा पाहून पुन्हा हसला. मी माझ्या टेबलावर पाणी काढून राहिलो होतो, मान वर केली नाही. पण कान तिकडेच होते.

अशा रीतीनं हवालदाराचं कॉमिक निघालं. हवालदार चोर पकडायला निघतो, वाटेत झोपतो, त्याच्या घोरण्याला घाबरून चोर आपणहून चौकीत जाऊन बसतो. झाली गोष्ट. दर महिन्याला हेच. कधी झाडाखाली झोपतो, कधी बैलगाडीत, कधी चोराच्याच खाटेवर. रेघ तर इतकी ढिली की मला ती पाहवायची नाही. एका पानावर हवालदाराच्या डाव्या हातात काठी, दुसऱ्या पानावर उजव्या. मी म्हटलं, "अबे, काठी कोणत्या हातात आहे ते तरी ठरव." तर म्हणतो, "झोपेत बदलली असन, दादा."

आणि हा हवालदार सुटला तो सुटलाच. एसटी स्टँडवर पोरं गठ्ठे घेऊन बसमध्ये चढायची आणि "हवालदार आला, हवालदार आला" ओरडायची, तिथं ड्युटीवर असलेला खरा हवालदार दर वेळी मागे वळून पाहायचा. सीताबर्डीच्या फुटपाथवर हवालदार दोरीला टांगलेला असायचा आणि नावाडी खाली, विणकामाच्या पुस्तकांच्या तळाशी. कटिंगच्या दुकानात गेलो तर बाकावर हवालदार. मावशीच्या मुलीच्या लग्नात मांडवात पोट्टे धाकट्याच्या भोवती गोळा झाले. तो त्यांना हातावर पेनानं हवालदार काढून देत होता आणि मोठी माणसंही लाजत लाजत हात पुढे करत होती. मला तिथं कोणीतरी विचारलं, "तुमीबी छापखान्यातच असता ना? काय करता तिथं?"

माय तर माझी. तिला वाचता यायचं नाही, ती चित्रं पाहायची. हवालदार पाहून पदर तोंडाला लावून हसायची. नावाडी समोर ठेवला तर दोन पानं उलटवायची आणि म्हणायची, "तुह्या नावेत बसलं की मले झोप येते बाप्पा." तिनं सहज म्हटलं. मला ते आजही टोचतं.

पोटात दुखायचं. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी दोघं एकाच सायकलवर डबलसीट छापखान्यात जायचो आणि पुढे बसलेला तो शीळ वाजवत असायचा, तर मला ती शीळही सहन व्हायची नाही. एवढी भूक असती, एवढी तळमळ असती त्याला, तर मी समजलो असतो. त्याला काहीच नव्हतं. खेळता खेळता त्याला मिळून गेलं आणि मी मरमर मरून पाणी काढत बसलो.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती आणि ती त्याच्याकडे नव्हती. माझी माणसं.

जेमतेम चार-पाच. महिन्यातून एका रविवारी आमच्या घरी यायची. पारशिवनीकडच्या एका खेड्यातले शाळामास्तर पहिल्या बसनं यायचे, नावाडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे आणि पान उलटवताना बोट कोरडं आहे ना ते आधी पाहायचे. सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई यायची. हिंगण्याच्या कारखान्यातला एक फिटर यायचा, रात्रपाळी करून, डोळे लाल, पण यायचा. आणखी एखाददुसरा कोणी. ही माणसं नावाडी वाचायची नाहीत, चाटूनपुसून खायची. मास्तरांनी एकदा म्हटलं, "एक गोष्ट पाहिली का तुमी? नावाडी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहतच नाही. तो उतरला की मग पाहते." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुद्दाम तसं काढायचो आणि कोणाला दिसेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मास्तरांच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं मला.

नावाडी खपत नाही याचं त्यांना दुःख नव्हतं. खरं तर थोडा अभिमानच होता. फिटर म्हणायचा, "जे स्टँडवर खपते ते आपल्या कामाचं नाही." नर्सबाई म्हणायची, "लोकांले काय समजते, भाऊ." मग सगळे हवालदाराला नाक मुरडायचे. वाचलेला कोणीच नव्हता, पण नाक सगळे मुरडायचे. मी वरवर म्हणायचो, जाऊ द्या, माझा भाऊच आहे तो. आणि मनात लाडू फुटायचे.

धाकटा तेव्हा उंबरठ्यावर बसलेला असायचा. चहा आणून द्यायचा आणि तिथंच टेकायचा. एकदा त्यानं मास्तरांना विचारलं, "मास्तर, हवालदार पाहिला का तुमी?" मास्तर मनानं मोठे, टाकून बोलायचे नाहीत. म्हणाले, "आमच्या शाळेतले पोट्टे वाचतात बा." खोलीत सगळे गालातल्या गालात हसले. धाकटाही हसला. मग मला म्हणतो, "दादा, मास्तर तुह्या नावेवर किती वेळ बोलतात ना." मी म्हटलं, "हाव." ते हाव म्हणताना मला इतकं बरं वाटलं की बस. सगळं नागपूर तुझं असेल, ही चार माणसं माझी आहेत. तुला आत बोलावत नाहीत.

मग कागदाची टंचाई आली. ती सगळ्या छापखान्यांना आली होती. ठरल्याच्या अर्धाही कागद मिळायचा नाही, शेठजी गोदामात जाऊन रिकाम्या हातानं परत यायचे. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. "देखो भाऊ," ते म्हणाले, "दोन कॉमिक आता नाही झेपत. एकच ठेवावं लागते. हा महिना दोन्ही निघू द्या. मग पाहू." बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, त्यावरूनच समजलं की पाहायचं काही उरलं नाही. धाकटा म्हणाला, "शेठजी, नावाडी नका बंद करू." शेठजी हसले. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. तू कोण माझी वकिली करणारा?

त्या रविवारी मी माझ्या माणसांना सांगितलं. नर्सबाईच्या तर डोळ्यात पाणी आलं. मास्तर म्हणाले, "पुढचा अंक येऊ द्या. त्याच्या नंतरच्या रविवारी आपण सगळे शेठजीकडे जाऊ. त्याले सांगू, की बा, हे बंद करता येत नाही." फिटर म्हणाला, "पाळी बदलून येतो." मला धीर आला. शेठजी खपाला मान देणारा माणूस होता, पण म्हाताऱ्या मास्तराला दारातून परत पाठवणारा नव्हता. मनात पक्कं बसलं की नावाडी वाचला तर या माणसांमुळेच वाचेल.

आता त्या महिन्याचं सांगतो.

आमच्याकडे अख्खं कॉमिक एका मोठ्या तावात बसायचं. छापलेले ताव दुमडायला छापखान्याच्या मागच्या गल्लीतल्या घरांमध्ये जायचे. बाया दुपारचं उरकलं की दारात चटई टाकून बसायच्या, गप्पा करत करत घड्या घालायच्या, वाटीच्या बुडानं घडी दाबायच्या. वाचत कोणीच बसायचं नाही. कागद पाहून गठ्ठे लागायचे. माझ्या पानांवर काळं फार, पातळ कागदावर ते पाठीमागून दिसायचं, म्हणून नावाडी जाड पिवळट कागदावर छापायचे. हवालदार पातळ पांढऱ्या कागदावर. पिवळा तो नावाडी, पांढरा तो हवालदार, इतकं त्या बायांना आणि बाइंडरला पाठ होतं. पुस्तक उघडून पाहायची गरजच पडायची नाही.

टंचाईच्या त्या महिन्यात दोन्ही पांढऱ्या कागदावर छापले. बायांनी सगळंच पांढरं पाहून सगळंच एका बाजूला रचलं. बाइंडरनं पाहिलं, पिवळा गठ्ठा नाही. नावाड्याची कव्हरं तर समोर पडलेली. त्यानं ढिगाचे वरचे थोडे गठ्ठे नावाड्याचे समजून घेतले आणि बाकी सगळ्यांना हवालदाराची कव्हरं चढवून पिना मारल्या. वरचे गठ्ठे हवालदाराचे होते. नावाडी तळाशी होता.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी सहज एक प्रत उघडली आणि कपाळावर हात मारला. नावाड्याच्या कव्हरात हवालदार घोरत पडला होता. आणि माझा सगळा नावाडी, एकूण एक प्रत, हवालदाराच्या कव्हरात जाऊन एसटी स्टँडवर पोचला होता. परत मागवायला वेळ नव्हता, पुन्हा छापायला कागद नव्हता. शेठजी बाइंडरला बोलले, बाइंडर बायांना बोलला, बाया म्हणाल्या आमाले कागद सारखा काहून दिला. खरंच होतं त्यांचं.

छापखान्यात सगळे तोंड पाडून बसले होते आणि मी आतून उड्या मारत होतो. मला वाटलं, आता पाहू. इतके दिवस लोक म्हणायचे हवालदार खपतो. अरे, कव्हर खपते. उघडायची संधीच कोणी मला दिली नाही. आता कव्हर त्याचं, आत मी. लोक उघडतील, दोन पानं वाचतील, तिसऱ्या पानावर थांबतील, आणि मग पाहू स्टँडवर कोणाच्या नावानं आरोळी उठते ते. त्या महिन्यातली गोष्टही माझी सगळ्यात चांगली होती. एक बाई भावाच्या घरून परत जायला निघते, नावेत बसते, आणि काही बोलतच नाही. अर्धं पुस्तक नुसती पाण्याकडे पाहते. ते पाणी मी जीव ओतून काढलं होतं.

मी स्टँडवर गेलो. धाकट्याला सांगितलं नाही. संत्र्याच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांच्या मागे उभा राहिलो आणि पाहत बसलो. एका जवान पोरानं हवालदार घेतला, उघडला, भराभर पानं उलटली, पुन्हा कव्हर पाहिलं, पुन्हा उलटली. मग ते घडी करून मानेला वारा घालत बसला. जाऊ द्या, म्हटलं. हा वाचणाऱ्यातला नाही. दुसऱ्यानं लेकराला दिलं, लेकरानं चावलं.

मग एक बाई दिसली. रामटेकच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी, आणि हवालदाराच्या कव्हरातला माझा नावाडी हातात. ती वाचत होती. खरंच वाचत होती. एकेक चौकट, ओठ हलवत. पाण्याच्या पानांवर आली तेव्हाही तिनं पान उलटायची घाई केली नाही. मी टोपल्यांमागून निघून अगदी खिडकीच्या खाली जाऊन उभा राहिलो. ती शेवटच्या बिनशब्दाच्या पानापर्यंत गेली, ते पान तिनं निरखून पाहिलं, मग मागचं कव्हर पाहिलं. बाहेर मान काढून तिनं विकणाऱ्या पोराला हाक मारली. "काहून भाऊ, यात हवालदार आलाच नाही. मी मघापासून पाहून राहिली, आता येईन, मग येईन."

त्यानं ते परत घेतलं आणि तिला दुसरी प्रत शोधून दिली. उघडून पाहून दिली, हवालदार आहे ना याची खात्री करून. त्याच्या पायाशी परत आलेल्या प्रतींचा ढीग वाढत होता. बस निघाली तेव्हा ती खिडकीत हसत होती.

घरी पायी आलो. सायकल स्टँडवरच विसरलो, धाकटा जाऊन घेऊन आला.

तरी म्हटलं, माझी माणसं आहेत. त्यांना तर उलटं झालं असेल. नावाड्याचं कव्हर मोठ्या मायेनं उघडलं असेल आणि आत तो घोरणारा ढेरपोट्या. मास्तरांनी तर पुस्तक फेकलंच असेल. रविवारी आले की कसे चिडून बोलतील, मी कसं त्यांना शांत करीन, हे सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं. अशा रागानं भरलेली माणसं शेठजीसमोर उभी राहिली तर त्याला ऐकावंच लागेल.

रविवारी ते आले. जय भीम झालं, पाणी झालं. मास्तर पंख्याकडे पाहत होते. नर्सबाई पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होती. फिटरनं एकदा धाकट्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, दुःखानं गप्प आहेत. मी म्हटलं, "झालं ते झालं. चला." धाकटा चप्पल घालून तयारच होता. "मीबी येतो, दादा."

शेठजी छापखान्याच्या वरच राहायचे. आम्हाला पाहून खाली आले, मशीनच्या बाजूला बाकं मांडली, सगळ्यांना सरबत दिलं. कोपऱ्यात स्टँडवरून परत आलेल्या प्रती रचून ठेवल्या होत्या, हवालदाराच्या कव्हरातला माझा नावाडी, कंबरेएवढा ढीग. मी तिकडे पाठ करून उभा राहिलो.

मास्तर बोलले. काय बोलले तो माणूस. म्हणाले, "शेठजी, माह्या शाळेच्या बाजूनं पेंच वाहते. मी जन्मभर ती पाहत आलो, पण या भाऊनं पाणी काढल्यावर मले ती दिसली." म्हणाले, खपाचा हिशेब तुमच्याकडे, पण असं काम तुमच्या छापखान्यातून निघते याचा मान कोणाकडे? नर्सबाईनं मान हलवली. फिटर म्हणाला, हाव, बरोबर. शेठजी शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, झालं. वाचला.

शेठजी म्हणाले, "मास्तर, तुमी खोटं न बोलणारे माणूस. एक विचारतो. त्या ढिगाकडे पाहा. लोकांनी हवालदार म्हणून घेतला, आत नावाडी निघाला, त्यांनी परत आणून टाकला. तुमी नावाडी म्हणून घेतला, आत हवालदार निघाला. तुमच्यातून एकानंही परत काहून नाही केला?"

मास्तरांनी सरबताचा गिलास खाली ठेवला. मशीनच्या लोखंडाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "वाचला, शेठजी."

"मग?"

"हसलो. घरी बायकोले वाचून दाखवला. तिलेही हसू आलं." मग म्हणाले, "चांगला आहे तो. आमी वाचला नव्हता."

नर्सबाई म्हणाली, तिनं वॉर्डात नेला होता, तिथल्या पेशंटनी तो ठेवूनच घेतला. फिटरला तर हसू आवरेना. त्या अंकातलं बैलगाडीचं पान आठवलं असणार त्याला. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. स्टँडवरच्या त्या बाईचा मला राग आला नव्हता, ती माझी नव्हतीच. ही माझी होती.

शेठजी म्हणाले, "झालं तर मग." त्यांनी ते सहज म्हटलं, दिवा बंद करायला सांगतात तसं. नावाडी संपला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात धाकटा रडायला लागला. हुंदके देऊन, खांदे हलवून. "शेठजी, हवालदार बंद करा. तो कोणीबी काढन. दादासारखं पाणी कोणाले काढता येते? मी लहानपणापासून पाहून राहिलो, मले एक रेघ तशी नाही जमत." तो खाली बसला, मशीनच्या पायाशी, तोंड गुडघ्यात घालून.

सगळे धावले. नर्सबाईनं त्याला पाणी पाजलं. फिटर त्याच्या बाजूला उकिडवा बसला आणि म्हणाला, "नको रडू बे. इतकं चांगलं काढतो तू." शेठजींनीसुद्धा उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, ऐसा भाई किसको मिलता है. मास्तर, माझे मास्तर, आपल्या रुमालानं त्याचे डोळे पुसत होते आणि लेकराला म्हणतात तसं त्याला बाप्पा बाप्पा म्हणत होते. मला त्यांनी कधी बाप्पा म्हटलं नव्हतं. मला ते भाऊ म्हणायचे, तुमी म्हणायचे.

मरण माझ्या घरचं आणि समजूत सगळे त्याची काढून राहिले होते. मी एकटा त्या ढिगाला टेकून उभा होतो. खरं सांगतो, नावाड्याचं दुःख त्या घटकेला मला झालंच नाही, त्याला जागाच उरली नव्हती. डोळ्यापुढे फक्त एवढंच होतं की माझी सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली आहेत आणि माझ्या बाजूला कोणी नाही. ते पाहता पाहता मलाही रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं मी नावाड्यासाठी रडतोय. धाकट्यालाही तसंच वाटलं. तो उठला, माझ्याकडे आला आणि माझ्या गळ्यात पडला.